हळदीच्या दिवशी लपवलेला ताप

ज्यांच्या पित्ताच्या नळीतला खडा दुर्बिणीने काढला आहे आणि त्यानंतर कधीमधी थंडी वाजून ताप येतो, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांसाठीही. मी डॉक्टर नाही. सिंदेवाहीच्या पुढे तलावाकाठी आमचं गाव आहे, तिथे अंगणवाडी चालवते. माझ्या बाबतीत डॉक्टर बरोबर होते, औषधंही बरोबर होती. चुकले ती मी. आणि माझी चूक मला एकटीलाच भोवली असती, तर हे लिहायला बसलेही नसते.

पिवळे डोळे

चंद्रपूरला माझी पित्ताची पिशवी काढली, त्याला बराच काळ लोटला होता. टाकेही विसरले होते. मग एका हिवाळ्यात जेवण झालं की वरच्या पोटात कळ उठायची आणि पाठीपर्यंत जायची. पुढे डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी, अंगाला इतकी खाज की झोपेत रक्त निघायचं.

आमच्याकडे कावीळ झाली की आधी माळ घालतात. शेजारच्या सखूबाईने कुठून तरी मुळ्यांची माळ आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "ही खाली उतरली का कावीळ उतरलीच समज," ती म्हणाली. माळ सैल होत गळ्यात आली, छातीवर आली. कावीळ होती तिथेच राहिली.

माझे यजमान देवराव तलावात जाळं टाकतात. अंधारात गळाभर पाण्यात उतरतील, जाळ्यात साप आला तरी हाताने काढून फेकतील, पण इंजेक्शनची सुई पाहिली की त्यांना चक्कर येते. थट्टा नाही ही, आमच्या थोरल्याला लस टोचायला नेलं तेव्हा पोराऐवजी यांनाच बाकावर झोपवावं लागलं होतं. म्हणून मला नागपूरला घेऊन गेला तो माझा दीर, गोपाल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गोपाल प्राथमिक शाळेत होता. सासूबाई लवकर गेल्या. तो माझ्याच हातचं खाऊन वाढला. मला 'वयनी' म्हणतो, पण आईला बोलावं तसं एकेरीत बोलतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सांगितलं की पिशवी गेली, पण एक खडा बहुधा त्याआधीच घसरून नळीत जाऊन बसला होता. मला आत तपासत होते तेव्हा गोपालने बाहेर त्यांना गाठून विचारलं, "कॅन्सर तर नाई ना साहेब?" ते नाही म्हणाले, तेव्हा तो जिन्यावर जाऊन बसला आणि रडला. हे मला पुढे दुसऱ्या एका पेशंटसोबतच्या बाईने सांगितलं. त्याने स्वतः कधी सांगितलं नाही.

तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. आत प्लास्टिकची बारीक नळी ठेवली, ती काही महिन्यांनी परत जाऊन काढून घेतली. त्या वेळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"खडा काढण्यासाठी नळीच्या तोंडाशी छेद द्यावा लागला," ते म्हणाले. "तिथे एक झडप असते, ती आता पहिल्यासारखी बंद होत नाही. आतड्यातले जंतू वर चढू शकतात. खडेही पुन्हा होऊ शकतात. तुम्हाला कदाचित काहीच होणार नाही. पण थंडी वाजून ताप आला, पोट दुखलं, डोळे पिवळे झाले, तर घरी बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. पाच वर्षांनी झालं तरी हेच."

मी मान हलवली. गोपालने ते शब्द परत म्हणून दाखवले, शाळेत म्हणतात तसे.

गोपालची धाव

घरी आल्यावर एक गोष्ट कळली. त्या हिवाळ्यात वनरक्षकाची भरती होती. गोपाल कित्येक महिने पहाटे तलावाच्या पाळीवरून धावायचा, हे मी रोज पाहत होते. धावायची परीक्षा ज्या दिवशी होती, त्या दिवशी तो नागपुरात माझ्या पलंगापाशी उलटीचं भांडं धरून उभा होता.

"सांगितलं काऊन नाईस?" मी विचारलं.

"सांगून काय केलं असतं तू? उठून बसली असती?" तो हसला. "पुन्हा येईल भरती."

पुन्हा भरती आली तोवर त्याचं वय निघून गेलं होतं. तो भावाबरोबर जाळं ओढू लागला. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. त्याच्यापुढे ताट ठेवताना माझी नजर खाली जायची. रस्त्याने वनखात्याची जीप गेली तरी मी आत जाऊन काहीतरी काम काढायची.

मलेरियाच्या गोळ्या

आमच्या भागात थंडी वाजून ताप आला की मलेरिया, हे लहान पोरालाही माहीत. आरोग्यसेवक येतो, बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतो आणि गोळ्या देऊन जातो. माझ्यासारख्या अंगणवाडीवाल्या बाईकडेही त्या गोळ्या असत.

खडा निघाल्यावर पहिला असा ताप आला तेव्हा मी त्याच गोळ्या घेतल्या. मला खरंच मलेरिया वाटला होता. ताप उतरलाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा मला शंका आली होती, तरी गोळ्या घेतल्या. तिसऱ्यांदा डोळे पिवळे झाले आणि चंद्रपूरला भरती व्हावं लागलं. नळीत जंतू झाले होते. सलाईनमधून औषधं दिली, बरी झाले. सोबतीला पुन्हा गोपालच. तलावाची मासोळी काढायचे ते दिवस. देवराव एकटे पडले आणि त्यांचा खांदा दुखावला तो कायमचा.

तेव्हाच मी मनात पक्कं केलं की आता माझ्यापायी या घरातल्या कोणाचं काही बुडू द्यायचं नाही. चांगला विचार वाटतो ना? याच विचाराने मी मरता मरता वाचले.

मांडव

गोपालचं लग्न जमलं ते गडचिरोलीच्या पलीकडच्या एका गावात. मुलगी रेखा. बारावी झालेली, बोलण्यात तिखट, तिकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणणारी, धानाच्या बांधीत वाढलेली. उन्हाळ्यातली तारीख ठरली. सासूबाई नाहीत म्हणजे वरमाय मीच. पापड, शेवया, पाहुण्यांचं, आहेराचं, सगळं माझ्याकडे.

लग्नाच्या आठवड्यात, सोमवारी, चुलीपुढे बसलेली असताना मला थंडी वाजली. मे महिना, पुढ्यात जाळ, आणि माझे दात वाजत होते. मी धान्याच्या खोलीत जाऊन पोत्यांच्या आड बसले. ओसरल्यावर तापाची गोळी घेतली, तोंड धुतलं, बाहेर येऊन पोळ्या लाटल्या. पुढचे दिवस तसेच काढले. रोज एकदा थंडी, रोज ती पोत्यांची आड. पोट दुखायचं तेव्हा लुगड्याचा काचा घट्ट आवळायची. आरशात पाहायची नाही, कारण डोळे कसे झाले असतील ते मला माहीत होतं.

डॉक्टरांचे शब्द आठवत नव्हते असं नाही. एकूण एक आठवत होते. पण त्याच्या शेजारी गोपालची ती पाळीवरची धावही आठवायची. वाटायचं, एवढं एक लग्न पार पडू दे. मग मला कुठेही न्या.

हळदीच्या दिवशी मांडवात पन्नास बायका. गोपालला पाटावर बसवलं. मी हळद लावली, मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकींना माखलं. सखूबाईने दोन्ही पंजांनी माझं तोंड रंगवलं. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! मांडवात प्रत्येक माणूस पिवळा होता, त्यात मी एक. कोणाला काय कळणार?

सगळ्यांनी हातपाय धुतले तेव्हा गोपाल माझ्यासमोर आला.

"वयनी, तोंड धुऊन ये."

"धुतलं की."

"पुन्हा धू."

मी धुऊन आले. त्याने माझा चेहरा उजेडाकडे वळवला, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली. त्याच्या हाताला अजून हळद होती.

"कई पासून?" त्याने विचारलं.

"आजच. सकाळीच वाटलं जरासं."

"चाल. गाडी पाह्यतो."

मी त्याचा हात धरला. म्हणाले, उद्या लग्न लागू दे, संध्याकाळी मला ने, मी स्वतः गाडीत बसीन. तो ऐकेना. मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुझी नोकरी माझ्यापायी गेली. आता लग्नबी गेलं तर मी तोंड कसं दाखवू रे? माझ्यासाठी एवढं कर. मले उद्याचा एक दिवस दे."

त्याने आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "लग्न लागलं का लगेच."

"लगेच."

"भाऊले नाई सांगाचं म्हणते तू?"

"नको सांगू."

त्याने मान हलवली. ती मान माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

पूल

वरात मॅटाडोरमधून निघाली. म्हातारी माणसं एका जीपमधून पुढे गेली होती. मूल गाव मागे पडलं तोवर मी गाण्यात टाळ्या वाजवत होते. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. वैनगंगेचा पूल आला, खाली वाळू खूप पांढरी दिसली. मला वाटलं आपण नागपूरला आलो. सखूबाईला मी 'सिस्टर' म्हणून हाक मारली. मग थंडी सुरू झाली आणि मी आसनावरून खाली घसरले.

गोपालच्या कपाळाला बाशिंग होतं. त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गडचिरोली, दवाखान्यात घे! सीधा!"

सरकारी दवाखान्यात बाशिंग बांधलेला नवरदेव वहिनीला उचलून धावत आला, तेव्हा सगळे उठून उभे राहिले, असं मागून सांगतात. माझं ब्लडप्रेशर लागत नव्हतं. सिस्टरने दोन्ही हातांना सलाईन लावलं, डॉक्टर विचारत होते, "ताप कधीपासून?"

"कालपासून," गोपाल म्हणाला.

मला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "सोमवारपासून," मी म्हणाले.

गोपालने माझ्याकडे पाहिलं. रागवायलाही त्याला वेळ नव्हता.

नागपूरला न्यायचं ठरलं. तिकडे मांडवात रेखा बसलेली, तिचे वडील वाट पाहत असलेले. गोपाल माझ्या पलंगाचा दांडा सोडेना. तेव्हा मॅटाडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आलेले देवराव पुढे आले. यांचा चेहरा सुईकडे न पाहता भिंतीकडे वळलेला.

"तू लग्नाले जा," ते म्हणाले.

"भाऊ, तुमचं काम नाई हे."

"पोरगी बसली आहे तिकडे. तू जा म्हनतो ना मी."

"अन् तुमाले चक्कर आली तं?"

"सुई तिले टोचून राह्यले, मले नाई." मग हळूच म्हणाले, "येईल तं येईल. पडीन, उठीन. जा."

गोपाल गेला. मुहूर्त टळला होता, पण दिवस मावळायच्या आत लग्न लागलं. त्याच सुमारास मी नागपूरच्या वाटेवर होते. ॲम्ब्युलन्समध्ये देवराव सलाईनची बाटली धरून बसले होते. नागभीडच्या आसपास त्यांना चक्कर आली. त्यांनी डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं, पण बाटली खाली येऊ दिली नाही.

गाळ

पुन्हा दुर्बीण. डॉक्टर म्हणाले, खडा एक नव्हता, नळीत गाळ साचला होता, चिखल आणि खडी, आणि त्याच्यामागे पू. विष रक्तात गेलं होतं. काही दिवस मी अतिदक्षता विभागात होते. तिथे दिवस-रात्र कळत नाही, ट्यूबलाइट सतत जळते. कळायचं ते एवढंच की पहाटे थर्मामीटर, मग ओल्या कपड्याने अंग पुसणं, मग रक्त काढायला येणारा मुलगा, मग भेटीची वेळ. भेटीच्या वेळी देवराव येत आणि पायांच्या बाजूला उभे राहत, कारण हातांना सुया होत्या. माझे तळपाय चोळत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि त्यांनी थांबू नये असंही वाटायचं.

वॉर्डात आणल्यावर गोपाल आणि रेखा आले. तिच्या हातांची मेंदी अजून काळी होती. मी हात जोडले. रेखा पिशवीतून डबा काढत राहिली. ती बाहेर पाणी आणायला गेली तेव्हा गोपाल स्टुलावर बसला.

"मी डॉक्टरले विचारलं, वयनी. एक दिवस आधी आनलं असतं तं काय झालं असतं? ते म्हनले, इतकं वाढलं नसतं." त्याने स्टूल जवळ ओढलं. "मले माहीत होतं. त्यानं आपल्या दोघाले बसवून सांगितलं होतं. अन् मी हो म्हनलो. तू मेली असती तं मी काय केलं असतं सांग? त्याच दिवशी माझं लग्न, दरसाल तोच दिवस. मी हो काऊन म्हनलो?"

इतकी वर्षं मी त्याच्यापुढे मान खाली घालत होते आणि समजत होते की त्याचं ऋण फेडते आहे. प्रत्यक्षात मी माझं ओझं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. नोकरी गेल्याचं त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. हे मात्र त्याला लागलं, आणि हे मी केलं होतं. तो आजही मांडवातल्या त्या क्षणाविषयी बोलत नाही. मी चुकून शिंकले तरी माझ्या डोळ्यांकडे पाहतो.

रेखा

घरी आल्यावर मी रेखाची माफी मागायला लागले. तिच्या हळदीची, टळलेल्या मुहूर्ताची, नव्या नवरीला दवाखान्यात डबे घेऊन यावं लागल्याची, पोत्यांच्या आड बसून ताप लपवल्याची. ती भांडी घासायला बसली की मी म्हणायची, "माझ्यापायी तुझं सगळं..." ती भात वाढायला लागली की, "तुझ्या बापाले काय वाटलं असल..." ती दर वेळी म्हणायची, "जाऊ द्या ना बाई."

एक दिवस तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाई, एक बोलू? राग नका मानू. तुमी माफी मागता तं मले तुमची समजूत काढा लागते. दिवसातून चार खेपा. मी काम करून थकत नाई, ह्यानं थकतो."

तिने ओले हात पदराला पुसले.

"माझ्या लग्नात काय झालं ते झालं. पण तुमी पोत्याच्या आड बसून कुडकुडल्या अन् घरात कोनालेच सांगितलं नाई, ते मले नाई आवडलं. इथी मी आता राह्यतो. उद्या मले काई झालं तं मीबी पोत्याच्या आड जाऊ का?"

मला त्या वेळी राग आला होता, खोटं कशाला सांगू. काल आलेली पोर मला शिकवते, असं वाटलं. रात्रभर तळमळले. सकाळी चहा तिनेच दिला, रोजच्यासारखा.

आता

माझा आजार पुरता गेलेला नाही. तो जाणार नाही, फक्त लांब ठेवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. सांगितलेल्या वेळी सोनोग्राफी करते. मलेरियाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत नाही. नव्या डॉक्टरकडे गेले की आधी सांगते, माझ्या पित्तनळीच्या तोंडाला छेद दिलेला आहे. अपराधीपणही गेलेलं नाही. त्यावर औषध असेल तर मला कोणी सांगावं.

मध्यंतरी पोळ्याच्या आधी रेखा माहेरी जायला निघाली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच चांगले आठ दिवस राहणार होती. पिशवी भरून दारात ठेवलेली, गोपाल तिला बसवून द्यायला सायकल पुसत होता. मी अंगणवाडीतून आले आणि अंगणातच मला थंडी भरली. फार नव्हती. जोराची नव्हतीच. एक गोळी घेऊन पडून राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. धान्याच्या खोलीचं दार उघडं होतं.

मी चौकटीला धरून उभी राहिले.

"रेखा," मी म्हणाले, "मले थंडी वाजून राह्यली. आत्ताच सुरू झाली."

तिचा चेहरा उतरला. मी तो पाहिला, तिनेही लपवला नाही. मग तिने दारातली पिशवी उचलली, आपली दोन लुगडी काढून खाटेवर टाकली, माझी दोन आत घातली. गोपाल डॉक्टरांना कळवायला फोनच्या बूथकडे सायकल दामटत गेला.

या वेळी इंजेक्शनांवर आणि गोळ्यांवर भागलं, लवकर परत आलो. पण ते पुढचं. त्या दुपारी नागपूरच्या एस.टी.त रेखा माझ्या शेजारी बसली. तिचं माहेर उलट्या दिशेला राहिलं. मी तिच्याकडे वळले, तोंड उघडलं. ती माझ्याकडे पाहत थांबली. काय येणार ते तिला माहीत होतं.

"खिडकी लावून घे ना," मी म्हणाले. "मले वारा लागून राह्यला."

तिने खिडकी ओढली. ती अडकली होती, तिने दोन्ही हातांनी जोर लावून बंद केली. मग माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाली, "झोपा आता. नागभीड आलं का उठवतो."

मी झोपले.